'जीबी' एक, मापे दोन

बाजारातून ५०० जीबी क्षमतेची हार्ड डिस्क विकत आणून ती विंडोज प्रणालीच्या संगणकाला जोडली, की पडद्यावर सुमारे ४६५ जीबी एवढाच आकडा दिसतो. आपल्याला कमी माल मिळाला, अशी ग्राहकाची समजूत होते. प्रत्यक्षात डिस्कवर एक बाइटही कमी नसतो. डिस्कच्या खोक्यावरील 'जीबी' आणि पडद्यावरील 'जीबी' ही दोन निरनिराळी मापे असतात. घरच्या संगणकावर या घोटाळ्याने फार तर मनस्ताप होतो. परंतु बँका, रुग्णालये किंवा विद्यापीठे यांच्या सर्व्हरवर साठवण व्यवस्थापनाचे काम चालते, तेथे माहितीपुस्तिकेतील असा एखादा संदिग्ध शब्द साठवलेली माहिती कायमची नष्ट करू शकतो.

घोटाळ्याचे मूळ

किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख आणि गिगा म्हणजे शंभर कोटी, हे दशमान पद्धतीचे उपसर्ग होत. संगणकाची स्मृती मात्र द्विमान पद्धतीने, म्हणजे दोनाच्या पटीत बांधली जाते. दोनाचा दहावा घात १,०२४ आहे. तो हजाराच्या जवळचा असल्याने तंत्रज्ञांनी त्यालाच 'किलो' म्हणण्याचा प्रघात पाडला. हार्ड डिस्कला दोनाच्या पटीचे असे बंधन नसल्यामुळे तिचे उत्पादक दशमान अर्थच वापरत राहिले.

आकडे लहान होते तोवर हा फरक खपून गेला. किलोबाइटमध्ये तो २.४ टक्के असतो, मेगाबाइटमध्ये ४.९, गिगाबाइटमध्ये ७.४ आणि टेराबाइटमध्ये जवळजवळ १० टक्के होतो. दशमान गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट, तर द्विमान गिगाबाइट म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. एकेकाळी घरोघरी असलेल्या '१.४४ एमबी' फ्लॉपीने तर दोन्ही पद्धतींची सरमिसळ केली होती. तिची क्षमता १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४ लाख ७४ हजार ५६० बाइट होती. दशमान पद्धतीने ती १.४७ एमबी आणि द्विमान पद्धतीने १.४१ एमबी भरते, १.४४ हा आकडा कोणत्याच शुद्ध मापात बसत नाही.

यावर उपाय म्हणून 'इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशन' या संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये द्विमान मापांसाठी किबी, मेबी, गिबी, टेबी असे स्वतंत्र उपसर्ग मान्य केले. त्यानुसार १०७ कोटींचे माप ते 'गिबीबाइट'. शास्त्रीय दृष्टीने प्रश्न सुटला, पण जुनी सवय सुटली नाही. विंडोज द्विमान पद्धतीने मोजून 'जीबी' लिहीत राहिली, तर ॲपलने २००९ मध्ये मॅक प्रणालीत दशमान मोजणी स्वीकारली. अमेरिकेत हा वाद न्यायालयातही पोहोचला आणि २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटल, तर २००७ मध्ये सीगेट या कंपन्यांनी ग्राहकांशी तडजोड केली.

पुस्तिकेतील एक शब्द

लिनक्स प्रणालीवर डिस्कची जागा एकत्र करून तिचे हवे तसे खंड पाडण्याचे काम 'लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर', अर्थात एलव्हीएम हे सॉफ्टवेअर करते. त्याच्या जुन्या पुस्तिकेत खंडाचा आकार सांगताना 'जी म्हणजे गिगाबाइट' एवढाच खुलासा असे. वाचणारा साहजिकच तो १०० कोटी बाइट समजे. सॉफ्टवेअर मात्र १०७ कोटींच्या हिशेबाने जागा देई.

गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. आकार दाखवण्याच्या आज्ञेत एककाचे अक्षर लहान लिपीत दिले तर द्विमान, मोठ्या लिपीत दिले तर दशमान मोजणी होते. आकार ठरवण्याच्या आज्ञेत मात्र लहान-मोठ्या अक्षराने काहीच फरक पडत नाही. दोन्हींचा अर्थ द्विमानच. म्हणजे एकच मोठा 'जी' वाचताना १०० कोटींचा आणि लिहिताना १०७ कोटींचा! पुढे पुस्तिकेत हे स्पष्ट शब्दांत नोंदवले गेले. सॉफ्टवेअरची वागणूक तीच राहिली; वाचणाऱ्याची दिशाभूल मात्र थांबली.

शेजारच्या साधनांचे नियम आणखी वेगळे आहेत. डिस्कचे विभाग पाडणारे 'पार्टेड' हे साधन 'जीबी' म्हटले की दशमान मोजते आणि द्विमानासाठी मध्ये 'आय' हे अक्षर मागते. नक्कल करणाऱ्या 'डीडी' या आज्ञेत नुसता 'एम' द्विमान असतो, तर 'एमबी' दशमान.

धोका कोठे?

खंड वाढवताना चूक झाली तर फार तर जागा अपुरी पडते. खरा धोका खंड लहान करताना असतो. त्या वेळी आधी फाइल प्रणाली आखडून घ्यावी लागते आणि नंतर तिच्याखालचा खंड. समजा, फाइल प्रणाली '१०० जी' केली. ती १०,७३७ कोटी बाइट व्यापते. मग कोणी पुस्तिकेतील 'गिगाबाइट' दशमान समजून खंडाचा आकार बाइटमध्ये १०,००० कोटी असा दिला, तर शेवटचे सुमारे ७३७ कोटी बाइट कापले जातात. तेथे एखादे हिशेबाचे दफ्तर असो वा रुग्णांच्या नोंदी, ते फाइल प्रणालीच्या हाताबाहेर जाते. जुन्या आवृत्त्या अशा वेळी माहिती नष्ट होऊ शकते असा इशारा देत; पण आपला हिशेब बरोबर आहे अशी खात्री असलेला माणूस इशाऱ्यापुढे थांबत नाही.

म्हणून जाणकार काही पथ्ये पाळतात. आकडा बाइटमध्ये ताडून पाहणे, फाइल प्रणाली व खंड दोन्ही एकाच आज्ञेने बदलणारा पर्याय वापरणे, फाइल प्रणाली गरजेपेक्षा थोडी अधिक आखडून नंतर खंडाइतकी वाढवणे आणि या साऱ्याआधी माहितीची स्वतंत्र प्रत काढून ठेवणे, ही ती पथ्ये होत.

पुस्तिका लिहिणाऱ्याची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. माप सांगताना ते हजाराच्या पटीतले की १,०२४ च्या, हे तेथेच लिहिण्यास एक ओळ पुरते. ती ओळ गाळली, तर तिची किंमत मोजण्याची वेळ दुसऱ्याच कोणावर तरी येते.