वईवरचा पांगारा

आमच्या भागात पांगाऱ्याला झाड म्हणून कुणी मोजत नाही. सागाची नोंद होते, फणसाची होते, आंब्याच्या एका कलमावरून भाऊबंद कोर्टात जातात. पांगारा मात्र वईवरचा. वई म्हणजे कुंपण. अंगाला काटे असल्यानं गुरं त्याला अंग घासत नाहीत, आणि मनगटाएवढी फांदी रोवली की पहिल्या पावसात फुटते. मिरीचा वेल चढवायलाही तो चालतो. पण लाकूड म्हणाल तर चुलीत भुरकन जळतं, निखारा धरत नाही. खांबाला लावलं तर लवकर कुजतं. म्हणून जुनी माणसं त्याला बिनकामाचं लाकूड म्हणायची.

सावंतवाडीच्या चितारआळीचा इतिहास सांगायचा तर याच बिनकामाच्या लाकडापासून सांगावा लागतो. तिथली लाकडी फळं गोव्याला जाणारे पर्यटक हौसेनं नेतात. आंबा, काजू, पेरू, वांगं, मिरची. परडीत मांडली तर माशीसुद्धा फसेल. वरचा रंग सगळे बघतात, आतलं लाकूड कोण बघतो? ते बहुतेक आमच्या वईवरचं.

व्यापारात देवदार, चीड अशा सुईसारख्या पानांच्या झाडांच्या लाकडाला सॉफ्टवूड म्हणतात. पांगारा त्यांच्यातला नव्हे, तो रुंद पानांचा. पण पटाशीखाली तो चिडापेक्षाही मऊ. पूर्वी वीज नव्हती तेव्हा एकानं दोरी मागंपुढं ओढून लाकूड फिरवायचं आणि दुसऱ्यानं ते कातायचं. चांगलं घोटून कातलेलं ते कातीव. ओढणाऱ्याच्या दंडाचा जोर किती? दिवसभर शिसव कातायचा तर माणूस आडवा व्हायचा. मऊ लाकडानं हा धंदा माणसाच्या ताकदीत बसवला.

मऊ म्हणजे सोपं, असं मात्र नाही. धार जरा बोथट झाली की पांगाऱ्याचे तंतू तुटायऐवजी उपटतात आणि अंगावर लव उठते. म्हणून पटाशी पुन्हा पुन्हा पाजळायची, शेवटचा हात अगदी हलका द्यायचा. लाकूड ओलं ठेवलं तर बुरशीनं काळं पडतं. ते सावलीत वाळवावं लागतं. शिवाय ते रंग पितं. आधी खडूचं अस्तर देऊन छिद्रं बुजवायची, घासायचं, मग रंग. सागासारख्या देखण्या रेषा पांगाऱ्याला नाहीत. पण ज्याला स्वतःचं रूप नाही, त्याच्यावर आंब्याचं रूप चांगलं बसतं. लिंबू, पेरू, चिकू ही गोल फळं कातून होतात. केळं वाकडं, ते हातानं तासावं लागतं.

हीच अक्कल दुसरीकडेही दिसते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते. चन्नपट्टणला वरून केवड्याच्या पात्यानं घोटून चकाकी आणतात. सागाचा मान कुड्यालाही कधी मिळाला नाही.

सावंतवाडी संस्थान 1948 साली विलीन झालं आणि कलेचा जुना आश्रय आटला. पुढं 1970 च्या दशकात शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभं केलं. त्यांचं नाव इतिहासात राहील, राहायलाच हवं. पण राजवाडा कारागिराला बसायला जागा देईल, लाकूड कुठून देणार? ते गावांतून यायचं. माझ्या लहानपणी एक कारागीर वडिलांना सांगून जायचा, "काका, पांगारो तोडशात तेव्हा माका सांगा हां."

आता तसं सांगायला कोण येणार, आणि आला तरी दाखवणार काय? वई गेली, चिऱ्याचं कंपाउंड आलं. मिरवेल सिमेंटच्या खांबावर चढतो. पांगारा कुणी मुद्दाम मारला नाही, पुन्हा लावायचा तेवढा राहिला. बाजारात रंग मिळतो, मोटारीवरचं यंत्र मिळतं. पण मऊ लाकूड दुकानात मिळत नाही, ते कुणाच्या तरी बांधावर वाढावं लागतं.

कलेला अनुदान द्यावं, प्रदर्शनं भरवावीत, माझी ना नाही. आम्हा शेतकऱ्यांच्या हातात आहे ते एवढंच: वैशाखात एक फांदी तोडायची आणि बांधावर रोवायची. तिला पाणीसुद्धा घालावं लागत नाही.