डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीतील औषधतज्ज्ञ

सत्तरी ओलांडलेल्या एका रुग्णाचे उदाहरण घ्यावे. रक्तदाबासाठी त्याला अॅम्लोडिपिन सुरू होते. काही आठवड्यांनी त्याचे घोटे सुजतात. ही सूज या गोळीचा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे. पण ती दाखवायला रुग्ण जातो तेव्हा समोर दुसरे डॉक्टर असतात आणि ते सुजेवर लघवी वाढविणारी फ्युरोसेमाइडची गोळी लिहून देतात. या गोळीने रक्तातील युरिक अॅसिड वाढते, पायाचा अंगठा ठणकू लागतो आणि वेदनाशामक सुरू होते. वेदनाशामकाने पोटात जळजळ होते म्हणून आम्लपित्ताची गोळी येते. त्याच वेदनाशामकाने रक्तदाबही वर सरकतो आणि मग अॅम्लोडिपिनची मात्रा वाढविली जाते. एका गोळीच्या चार गोळ्या झाल्या आणि फेरा जिथून निघाला होता तिथेच परत आला. दरम्यान, रात्री चार वेळा लघवीला उठणारा हा वृद्ध अंधारात पडला तर त्याचे मांडीचे हाड मोडण्याची भीती असते ती वेगळीच.

यात कोणाही डॉक्टरची ढोबळ चूक झालेली नाही. प्रत्येकाने समोरच्या तक्रारीवर योग्य वाटले ते औषध दिले. चुकले ते एवढेच की, सगळी औषधे एकत्र मांडून ‘यातले कोणते कशामुळे आले?’ हा प्रश्न विचारायला कोणाला वेळ नव्हता. ब्रिटनमध्ये हा प्रश्न विचारण्याचे काम गेल्या दशकभरात एका स्वतंत्र व्यावसायिकाकडे सोपविण्यात आले आहे. फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात बसणारा हा क्लिनिकल फार्मासिस्ट.

कंपाउंडर नव्हे, केमिस्टही नव्हे

आपल्याकडे मागच्या पिढीतील वाचकांना दवाखान्यातील कंपाउंडर आठवत असेल. छोट्या खिडकीमागे बसून लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटविणारा आणि पुड्या बांधणारा. क्लिनिकल फार्मासिस्टचा त्याच्याशी संबंध नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठी पाहून गोळ्या काढून देणाऱ्या फार्मासिस्टपेक्षाही त्याचे काम निराळे आहे. त्याच्या खोलीत औषधांची कपाटे नसतात. असतो तो संगणक, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि रुग्णासाठी खुर्ची.

ही व्यवस्था समजण्यासाठी तिथल्या आरोग्यसेवेची रचना लक्षात घ्यावी लागते. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅशनल हेल्थ सर्व्हिस अर्थात एनएचएसमध्ये प्रत्येक नागरिकाचे नाव एका ठरावीक जनरल प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे जीपीच्या, दवाखान्यात नोंदविलेले असते. (या दवाखान्याला तिकडे ‘सर्जरी’ म्हणतात; शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध नाममात्रच.) इंग्लंडमध्ये अशा एका दवाखान्याकडे सरासरी दहा हजारांच्या आसपास माणसे नोंदलेली असतात. रुग्णाची जन्मभराची वैद्यकीय नोंद तिथे संगणकावर असते आणि रुग्णालयातून घरी सोडताना दिलेले पत्रही तिथेच येते. मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारख्या दीर्घकालीन आजारांची औषधे ‘रिपीट’ यादीवर चढतात आणि बहुधा दर २८ किंवा ५६ दिवसांनी पुन्हा दिली जातात. एकदा या यादीवर चढलेले औषध खाली उतरविणे मात्र सोपे नसते. ते कोणी, कशासाठी सुरू केले हेच काही वर्षांनी धूसर झालेले असते आणि जीपीच्या एका भेटीसाठी साधारणतः दहाच मिनिटे हाताशी असतात.

दिवसभराचे काम

क्लिनिकल फार्मासिस्टची सकाळ बहुधा रुग्णालयांकडून आलेल्या पत्रांनी सुरू होते. रुग्णालयात काय बंद केले, काय वाढविले, काय तात्पुरते दिले हे त्या पत्रांतून शोधून दवाखान्यातील यादीशी जुळवून पाहणे हे वरकरणी कारकुनी काम वाटते, पण धोका सर्वांत जास्त इथेच असतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाला अॅस्पिरिनच्या जोडीने क्लोपिडोग्रेल दिले जाते, ते सहसा ठरावीक मुदतीसाठी, अनेकदा वर्षभरासाठी. ही मुदत यादीत नोंदविली गेली नाही तर दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात आणि रक्तस्रावाचा धोका विनाकारण डोक्यावर राहतो. याउलट, रुग्णालयाने मूत्रपिंडावर ताण नको म्हणून थांबविलेली गोळी जुन्या यादीतून आपोआप पुन्हा घरी पोहोचते, असेही घडते.

त्यानंतर रुग्णांच्या भेटी. पाच, आठ, दहा औषधे घेणाऱ्या वृद्धांशी अर्धा तास बोलणे हा या कामाचा गाभा मानला जातो. घरातील सगळ्या औषधांची पिशवी घेऊन या, असे अनेकदा सांगितले जाते. पिशवी टेबलावर रिकामी झाली की कागदावरचे चित्र आणि प्रत्यक्षातले चित्र यांतील अंतर दिसते. कागदोपत्री नियमित चालू असलेल्या गोळीची तीन पाकिटे फोडलेलीसुद्धा नसतात. एकच औषध दोन निराळ्या नावांनी दोनदा घेतले जात असते. दम्याचा पंप आहे, पण तो ओढण्याची पद्धत चुकीची. दुकानातून आपल्या मनाने आणलेली वेदनाशामके आणि वनौषधी यांची नोंद तर कुठेच नसते. भारतातून मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांची पिशवी हा आणखी वेगळा मामला. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या दोन-तीन औषधांच्या एकत्रित गोळ्यांपैकी अनेक तिथे त्या रूपात मिळत नाहीत. पाकिटावरील व्यापारी नावावरून आतले घटक शोधून प्रत्येकासाठी तिथला पर्याय ठरवावा लागतो.

औषध कमी करणे हेही या कामात येते आणि ते सुरू करण्याहून कठीण असते. झोपेच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या एकदम थांबविल्यास त्रास होतो, त्या आठवड्या-आठवड्याने उतरवाव्या लागतात. शिवाय वीस वर्षे घेतलेली गोळी सोडा म्हटल्यावर ‘आता आमच्यावर खर्च करायचा नाही म्हणून बंद करताय ना?’ असा संशय रुग्णाच्या मनात येतो. त्या संशयाला उत्तर देण्याचे कौशल्य औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

राहिलेला वेळ रक्ततपासण्यांच्या पाठपुराव्यात जातो. लिथियम, मेथोट्रेक्झेट, रक्त पातळ करणारी औषधे यांची मात्रा ठरावीक काळाने तपासणी करूनच चालू ठेवता येते. मेथोट्रेक्झेट ही संधिवातावरील गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. सांध्यांच्या आजाराची गोळी, एवढेच ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून ही चूक किती सहज होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको.

चुकांचा हिशेब

या पदाची गरज केवळ कल्पनेतून पुढे आलेली नाही. २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिव्हरपूल परिसरातील दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या १८,८२० रुग्णांची पाहणी करण्यात आली होती. त्यातील ६.५ टक्के रुग्णांच्या दाखल होण्याशी औषधाच्या दुष्परिणामाचा संबंध आढळला. दोषी औषधे दुर्मीळ नव्हती. अॅस्पिरिन, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, वॉर्फरिन आणि वेदनाशामके, म्हणजे घरोघरी आढळणारीच.

२०१२ मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने करून घेतलेल्या पाहणीत जीपींच्या १५ दवाखान्यांतील सहा हजारांहून अधिक औषधनोंदी तपासण्यात आल्या. दर वीस नोंदींमागे एका नोंदीत औषध लिहिण्यात किंवा त्यावर देखरेख ठेवण्यात चूक होती. गंभीर चुकीचे प्रमाण मात्र साडेपाचशेत एक एवढेच होते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने ‘पिन्सर’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. ७२ दवाखान्यांत झालेल्या या चाचणीची रचना साधी होती. संगणकाला काही नेमके प्रश्न विचारायचे: पोटात व्रण होऊन गेलेल्या कोणाला संरक्षक गोळीशिवाय वेदनाशामक चालू आहे? दम्याच्या कोणत्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर दिले जात आहे? पंचाहत्तरीच्या पुढच्या कोणाला रक्ततपासणीशिवाय मूत्रपिंडावर परिणाम करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत? निम्म्या दवाखान्यांना नुसती नावांची यादी देण्यात आली. उरलेल्यांत यादीबरोबर फार्मासिस्टही पाठविण्यात आला. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या गटात अशा धोकादायक नोंदी ठळकपणे कमी झालेल्या दिसल्या. यादी दोघांकडेही होती. फरक पडला तो यादी घेऊन डॉक्टरांच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसामुळे.

अधिकार आणि पैसा

ब्रिटनमध्ये फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा मर्यादित अधिकार २००३ मध्ये मिळाला. सुरुवातीला डॉक्टरने आखून दिलेल्या योजनेच्या चौकटीतच तो वापरता येत असे. २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट आपल्या कार्यक्षेत्रापुरते स्वतंत्रपणे औषध लिहू लागले. २०२६ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या फार्मासिस्टना नोंदणीबरोबरच हा अधिकार मिळावा, अशा रीतीने तिथल्या जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलने शिक्षणक्रमाची फेररचना केली आहे.

जीपींच्या दवाखान्यात त्यांना नेमण्याचा पथदर्शी प्रकल्प एनएचएस इंग्लंडने जुलै २०१५ मध्ये जाहीर केला. जीपींची टंचाई हे त्यामागचे उघड कारण होते. पहिल्या वर्षी पगाराचा ६० टक्के भार सरकारी तिजोरीने उचलावा, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी २० आणि पुढे दवाखान्याने आपले आपण पाहावे, असा हिशेब ठरला. २०१६ मध्ये आणखी ११.२ कोटी पौंडांची तरतूद झाली. २०१९ मध्ये शेजारशेजारच्या दवाखान्यांचे, ढोबळमानाने तीस ते पन्नास हजार लोकसंख्येचे, गट बांधण्यात आले आणि अशा गटांनी नेमलेल्या फार्मासिस्टच्या पगाराची भरपाई सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती शंभर टक्के करण्यात आली. स्कॉटलंडने २०१८ च्या जीपी करारातून स्वतःची वेगळी वाट धरली. एकंदरीत, हा प्रयोग रुजला तो मुख्यतः सरकारने पगार दिला म्हणून, हे मान्य करायला हवे.

२०२१ मध्ये इंग्लंडच्या तत्कालीन मुख्य औषध अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील अहवालाने या कामाला आणखी बळ दिले. प्राथमिक सेवेत लिहिल्या जाणाऱ्या औषधांपैकी किमान दहा टक्के अनावश्यक असावीत, असा अंदाज त्यात होता. सुमारे पंधरा टक्के लोक रोज पाच किंवा अधिक औषधे घेतात, हेही त्यात नोंदविले आहे.

कुरबुरी

सारेच आलबेल आहे असे मात्र नाही. दवाखान्यांकडे फार्मासिस्ट वळले तशी रस्त्यावरच्या औषध दुकानांना आणि रुग्णालयांना माणसे मिळेनाशी झाली. नव्या फार्मासिस्टवर देखरेख ठेवण्याचे काम शेवटी डॉक्टरांकडेच येते, त्यामुळे वाचलेला वेळ पुन्हा तिथे खर्च होतो, अशी जीपींची तक्रार आहे. ‘मला डॉक्टरांना भेटायचे होते’ हे रुग्णांचे वाक्य तर सर्वांच्या परिचयाचे. २०२४ पर्यंत परिस्थिती अशी चमत्कारिक झाली की रुग्णांना भेटीची वेळ मिळत नव्हती आणि नव्याने पात्र झालेल्या काही जीपींना नोकरी मिळत नव्हती; कारण इतर पदांच्या पगाराची भरपाई होत होती, डॉक्टरच्या नव्हे. अखेर त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नवे जीपीही या योजनेत समाविष्ट करण्यात आले. फार्मासिस्टचाही एक असंतोष आहे. रुग्णांची नीट तपासणी करण्यासाठी नेमलेल्या माणसाला दिवसभर रिपीट चिठ्ठ्या मंजूर करीत बसविले जाते, आणि मग अर्ध्या तासाच्या भेटी कागदावरच राहतात.

आपल्याकडे

भारतात फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. शेवटचे पूर्ण वर्ष रुग्णालयात उमेदवारी करण्याचे असते. महाराष्ट्रातील काही महाविद्यालयांतूनही तो शिकविला जातो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषधांविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम असल्याचे स्पष्ट केले. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही. या पदवीधरांना काही मोठ्या रुग्णालयांत आणि औषध कंपन्यांत जागा आहेत. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे मात्र त्यांना पगार देणारे कोणी नाही आणि रुग्णही त्यासाठी वेगळे शुल्क देईल, असे वाटत नाही. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असावा या १९४८ च्या कायद्यातील साध्या अटीसाठीदेखील २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने मोहीम उघडली, तेव्हा राज्यातील औषध विक्रेते आंदोलनावर उतरले होते.

खरी अडचण याहून खोल आहे. ब्रिटनमधील फार्मासिस्टच्या हाती रुग्णाची एकच, अखंड नोंद असते. आपल्याकडे हृदयविकारतज्ज्ञाची फाइल एका पिशवीत, हाडांच्या डॉक्टरांची दुसरीत, तर शेजाऱ्याने सुचविलेल्या गोळीची नोंद कुठेच नाही. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे तेच औषध आणणारे घर शोधायला दूर जावे लागत नाही. २०१४ पासून अमलात आलेल्या एच-१ सूचीतील औषधांच्या विक्रीची दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते, पण ती विक्रीची नोंद, रुग्णाची नव्हे.

औषधाने त्रास झाल्यास तो कळविण्याची सोय मात्र सामान्य नागरिकालाही आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.