कोकणातली पेटी, नेगेवची हवा

आम्हा बेने इस्राएलांचा इतिहास लिहिताना सगळे घाण्यापासून सुरुवात करतात. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. ते खरेच आहे. पण मुंबईला आल्यावर आमच्यातल्या कितीतरी जणांनी सुतारकाम, गवंडीकाम धरले, त्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्यांच्या हातच्या सागाच्या पेट्या बेर शेवा, दिमोना, लोद इथल्या काही घरांत अजून आहेत.

१९५० आणि १९६० च्या दशकांत आलियाला निघालेल्या पुष्कळ घरांनी पेटी विकत आणली नाही. करवत, रंधा, पटाशी घेऊन मामा-काकाच अंगणात, नाहीतर चाळीच्या गॅलरीत बसायचे. चांगल्या हाताची रीत अशी: आधी चौकट करायची, तिच्या पट्ट्यांना आतल्या कडेने खोबण पाडायची आणि फळी त्या खोबणीत नुसती सरकवायची. सरस लागायचा तो चौकटीच्या सांध्याला, फळीला नाही. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. गरम असतानाच लावायचा आणि रात्रभर दाबून ठेवायचा. म्हणून सांधे शुक्रवारी दुपारी जुळवून दोरीने आवळत. शब्बाथला कोणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. रविवारी दोरी सोडली की सांधा दगडासारखा! तळाला दोन जाड पट्ट्या, म्हणजे ओल थेट चढत नाही. आत एका बाजूला अरुंद कप्पा.

ज्यांना घाई होती त्यांनी रुंद फळ्या सरळ खिळ्यांनी ठोकल्या. मुंबईत दोन्ही पेट्या तितक्याच भक्कम दिसत. फरक दाखवला तो नेगेवने. लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. कोकणच्या दमट हवेतून बेर शेवाच्या कोरड्या वाऱ्यात आलेली फळी आकसणारच. खोबणीतली फळी आतल्या आत सरकली, वरून पत्ताही लागला नाही. खिळ्यांनी जखडलेली फळी एक-दोन हमसीनमध्ये उभी चिरली.

१९३० च्या दशकात जर्मनीहून आलेल्या यहुद्यांनी अख्खा संसार प्रचंड लाकडी खोक्यांत आणला होता. त्या खोक्यांना इथे 'लिफ्ट' म्हणत, आणि काही जण सुरुवातीला त्यातच राहिले. आमची पेटी दोन माणसांनी उचलावी एवढीच. नऊवारी, पितळेची भांडी, मलिद्याचे ताट, तान्ह्याची दुपटी, आणि वर डांबरगोळ्या.

डांबरगोळ्यांवरून एक सांगितलेच पाहिजे, नर्सची सवय आहे. ज्या घरांत कोणाला बाकला, म्हणजे इथले 'फूल', चालत नाही, जी-सिक्स-पी-डीची कमतरता आहे, तिथे तान्ह्याचे कपडे या गोळ्यांत ठेवू नयेत. नॅफ्थलीनने अशा बाळाच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ जिवावर बेतते. कडुनिंबाचा सुकवलेला पाला बरा.

अरुंद कप्प्यात असायची ती केतुबा. आईची, कधी आजीचीही. १९६२ साली मुख्य रब्बिनेटने सूचना काढली, की बेने इस्राएलांचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. तेव्हा हे कप्पे उघडले गेले. कोणाकडे कागद होता, कोणाचा कोकणातल्या वाळवीने कधीच खाल्ला होता. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा जुंपला नाही, त्यांनी यहुदीपणाचा पुरावा द्यायचा! १९६४ साली आमचे लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले. सूचनेतून आमचे नावही काढावे लागले. तरी कागद मागितला गेला, हे आमच्या बायका विसरल्या नाहीत. पुढेही केतुबा कप्प्यातच राहिली, वरून पाला घालून.

आता नातवंडांच्या फ्लॅटमध्ये पेटीला जागा होत नाही. रस्त्यावर ठेवण्यापूर्वी कप्प्याचा तळ बोटांनी चाचपून पाहा. काही पेट्यांत तो उचलता येतो. ठेवणार असाल तर चिरेत पुट्टी भरू नका, खिळे तर नकोच, कारण हिवाळ्यात लाकूड पुन्हा थोडे फुगते. सागाचीच पातळ पट्टी एका कडेला सरसाने चिकटवा आणि दुसरी कड मोकळी सोडा.