ग्रॅनाइटची धूळ आणि बॅरी गावचे पाथरवट

स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा ग्रॅनाइट रोज पुसताना त्याच्यापासून आपल्याला काही धोका नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण हा लेख वाचून कोणी ओटा बदलायला निघू नये. धोका असतो तो दगड कापणाऱ्याला. ही गोष्ट डॉक्टरांना, मालकांना आणि सरकारला कशी पटत गेली, याचा इतिहास अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बॅरी या छोट्या गावात घडला.

जमिनीखाली खूप खोलवर शिलारस लाखो वर्षे सावकाश थंड झाला की ग्रॅनाइट तयार होतो. सावकाश थंड झाल्यामुळे त्याचे स्फटिक मोठे होतात, डोळ्यांनी दिसतात. पांढरट-करडे फेल्डस्पार, चमकणारे अभ्रक आणि काचेसारखे क्वार्ट्झ. हे क्वार्ट्झ म्हणजेच सिलिका, आणि आपली गोष्ट तिच्याच भोवती फिरते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा वर येऊन भराभर थंड झालेला लाव्हा. त्यात क्वार्ट्झ फारच कमी. संगमरवर तर मुख्यतः चुन्याचा, कॅल्शियम कार्बोनेटचा दगड. म्हणजे दिसायला सगळे दगडच, पण फुप्फुसाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

बॅरीचा करडा, एकसारख्या पोताचा ग्रॅनाइट थडग्यांच्या स्मारकांसाठी उत्तम. १८७५ मध्ये तिथे रेल्वे आली आणि धंदा फोफावला. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून ग्रॅनाइटचे कारागीर आले, इटलीतल्या करारा भागातून संगमरवराचे शिल्पकार आले. करारातल्या माणसांनी घरी पिढ्यान् पिढ्या दगड फोडला होता, पण तो संगमरवर होता. इथे हात तेच, कसब तेच, फक्त धूळ बदलली.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. व्हरमाँटचा हिवाळा कडक, म्हणून काम बंद शेडमध्ये चालायचे. आणि १९०० च्या सुमारास हातोडी-छिन्नीची जागा हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीने घेतली. कामाचा वेग वाढला, नक्षी नाजूक होऊ लागली, आणि धूळ पिठापेक्षा बारीक झाली. मोठे कण नाकात, घशात अडकतात. ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात, पण सिलिका पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते. या झटापटीत फुप्फुसात कठीण गाठी आणि व्रणासारखे तंतू तयार होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. अशा फुप्फुसात क्षयरोगाचे जंतू सहज घर करतात.

बॅरीत माणसे मरत होती ती बहुतेक क्षयाने. त्यामुळे दोष कोंदट घरांना किंवा राहणीला देणे सोपे होते. ही समजूत हलवण्यात मोठा वाटा होता एका विमा कंपनीच्या माणसाचा. फ्रेडरिक हॉफमन यांनी १९२२ मध्ये मृत्यूंचे आकडे मांडून दाखवले की देशात क्षय कमी होत असताना ग्रॅनाइट कापणाऱ्यांत तो वाढतो आहे. (मरणाचा हिशेब विमा कंपनीइतका काटेकोर कोण ठेवणार!) पुढे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने बॅरीच्या शेडमध्ये धूळ मोजली, कामगार तपासले, आणि १९२९ मध्ये अहवाल छापला. हवेची छिन्नी चालवणाऱ्याच्या तोंडापाशी एका घनफूट हवेत सरासरी सुमारे ६ कोटी कण होते. इतक्या धुळीत वर्षानुवर्षे राबलेल्यांपैकी जवळजवळ कोणीच सुटले नव्हते.

उपाय साधा होता, छिन्नीच्या तोंडाजवळ धूळ ओढून घेणारा पाइप. पण तो सगळ्या शेडमध्ये बसायला १९३० चे दशक संपत आले. धुळीची मर्यादा घनफुटाला १ कोटी कण अशी धरली गेली, कामगारांचे नियमित एक्स-रे सुरू झाले. त्यानंतर नव्याने कामाला लागलेल्यांत सिलिकोसिस जवळजवळ दिसेनासा झाला. औषधाने नव्हे, पाइपने! आजही सिलिकोसिस पूर्ण बरे करणारे औषध नाही.

लुई ब्रुसा या शिल्पकाराला मात्र उशीर झाला होता. तो १९३७ मध्ये सिलिकोसिसने गेला. बॅरीच्या होप स्मशानभूमीत त्याचे स्मारक आहे. खुर्चीत कोसळलेला, श्वास संपत आलेला पुरुष आणि त्याला सावरणारी स्त्री. ते कोरले आहे बॅरीच्याच ग्रॅनाइटमध्ये.

हा आजार इतिहासजमा झालेला नाही. ओट्यांसाठी मिळणाऱ्या कृत्रिम 'क्वार्ट्झ' फरशीत सिलिका ९० टक्क्यांपर्यंत असते. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण पाव ते एक तृतीयांश. तरुण कारागीर आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फरशीवर बंदी घातली. भारतात सिलिकोसिस नोंदवणे बंधनकारक असलेला आजार आहे, पण एक्स-रेवर डाग दिसला की तो टीबी समजून औषधे सुरू होणे नवे नाही. म्हणून तुमच्या घरात कोणी दगड, फरशी कापण्याचे किंवा घासण्याचे काम करत असेल आणि त्याला कोरडा खोकला, चढावर धाप लागत असेल, तर डॉक्टरांना आधी त्याचा धंदा सांगा. किती वर्षे केला तेही सांगा. कापताना पात्यावर पाण्याची धार हवी, धूळ ओढणारे यंत्र हवे, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण आरपार जातात.