पाहुणा गडी आणि घरची जागा

मालेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर उभे राहते. परंतु वऱ्हाडातही एक मालेगाव आहे. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे तालुक्याचे ठिकाण. क्रिकेटच्या इतिहासात त्याचे नाव कोठे आढळत नाही. तथापि तेथील एखाद्या मुलाच्या मनात मोठ्या मैदानावर खेळण्याची आकांक्षा उपजली, तर तिची वाट अखेर नागपुरास, विदर्भ संघाच्या दाराशीच जाऊन पोहोचते. आणि त्या दारातून एका वेळी अकरा जणांनाच प्रवेश असतो. म्हणूनच विदर्भाने परप्रांतीचा एखादा नामांकित खेळाडू आपल्या संघात घेतला, की त्यावर जी चर्चा सुरू होते ती केवळ करमणुकीची नसते. ‘हा व्यवहार शहाणपणाचा झाला काय?’ या प्रश्नामागे ‘आमच्या मुलांचे काय?’ हा दुसरा प्रश्न उभा असतो.

हा वाद एकट्या विदर्भाचा नव्हे. अमेरिकेत बास्केटबॉलचे व्यावसायिक संघ दरवर्षी ठरावीक वेळी नवे खेळाडू निवडतात, आणि त्याच सुमारास त्यांची आपापसांत अदलाबदलही करतात. १९९६ साली शार्लट येथील संघाने कोबी ब्रायंट या सतरा वर्षांच्या मुलाची निवड केली आणि व्लादे दिवाच या अनुभवी खेळाडूच्या मोबदल्यात त्याला लॉस एंजेलिसच्या संघाकडे सोपविले. पुढच्याच मोसमात शार्लटने ५४ सामने जिंकले. तोवर इतके विजय त्या संघाला कधीच लाभले नव्हते. त्या वर्षी कोणी हिशेब मांडला असता, तर शार्लटचे चालक चतुर ठरले असते. परंतु दिवाच दोन मोसमांनंतर तेथून गेले, आणि ब्रायंट यांनी लॉस एंजेलिसला पाच अजिंक्यपदे मिळवून दिली. अशा व्यवहाराचा निकाल एका वर्षात लागत नाही, हे यावरून दिसून येते.

आपल्या देशातही ही प्रथा नवी नाही. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरास झाला. १९२३ मध्ये होळकर दरबाराच्या आमंत्रणावरून ते इंदुरास गेले, आणि १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांनीच केले. नागपूरचे सर्वांत मोठे क्रिकेटरत्न अशा रीतीने इंदूरचे भूषण झाले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे हेही महाराष्ट्राकडून खेळून पुढे बडोद्यास गेले. तेथे १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी लाहोरच्या गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची अजरामर भागीदारी रचली, आणि तीही नायडूंच्या होळकर संघाविरुद्ध! संस्थानिकांच्या आश्रयाने गुणी खेळाडूंना पोट भरण्याची चिंता उरली नाही, हे त्या प्रथेचे मोठे पुण्य होय.

परंतु केवळ मोठे नाव आणल्याने विजय मिळतोच असे नाही, याचाही दाखला होळकरांनीच दिला आहे. १९४५ साली मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांच्या बाजूने इंग्लंडचे विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन खेळले. त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. तरी होळकर संघ ३७४ धावांनी हरला. पुढे त्या संघाने चार वेळा करंडक जिंकला खरा, आणि त्यात मुश्ताक अलींसारख्या इंदूरच्या सुपुत्राचाही वाटा मोठा होता. तथापि संस्थाने विलीन झाली, दरबारचा आश्रय संपला आणि काही वर्षांतच होळकर संघाचे नावही पुसले गेले. त्याच भूमीवरील मध्यप्रदेशाला पहिले रणजी अजिंक्यपद लाभण्यास २०२२ साल उजाडावे लागले. पाहुण्यांच्या बळावर उभारलेले वैभव आश्रयदात्याबरोबरच कसे मावळते, हे त्यावरून ध्यानी येईल.

आता विदर्भाकडे वळू. १९५७-५८ पासून हा संघ रणजी करंडकासाठी झगडत होता. पण साठ वर्षे त्याच्या वाट्याला उपेक्षाच आली. खापरखेड्याचे उमेश यादव २०११ मध्ये कसोटी सामना खेळले, तेव्हा विदर्भ संघातून तो मान मिळविणारे ते पहिलेच ठरले. नियामक मंडळाच्या नियमांनुसार बाहेरचे तीन खेळाडू घेण्याची मुभा असते. या मुभेचा लाभ घेऊन २०१५-१६ च्या मोसमात मुंबईचे वसीम जाफर विदर्भाकडे आले. तोवर त्यांचा उमेदीचा काळ सरला आहे, असे म्हणणारेही होते. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीचा पराभव करून विदर्भाने पहिल्यांदाच करंडक उचलला.

त्या अंतिम सामन्याचा तपशील बोलका आहे. शतक झळकविले ते यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनी. लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले ते रजनीश गुरबानी यांनी. नेतृत्व होते नागपूरच्या फैज फझल यांचे. विजयाची शेवटची धाव जाफर यांच्या बॅटीतून निघाली, पण तिथवरचा मार्ग घरच्या मुलांनी आखला होता. पुढील वर्षी जाफर यांनी हजारांवर धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. त्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेतले नागपूरच्या आदित्य सरवटे यांनी. जाफर २०२० साली निवृत्त झाले, परंतु संघ कोसळला नाही. २०२३-२४ मध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला, आणि मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर त्याने तिसऱ्यांदा करंडक पटकाविला.

या तिसऱ्या विजयात कर्नाटकातून आलेल्या करुण नायर यांचा वाटा मोठा होता. अंतिम सामन्यात त्यांनी ८६ आणि १३५ धावा केल्या. त्यानंतर ते भारतीय संघात परतले आणि पुढील मोसमासाठी आपल्या मूळ प्रांताकडे निघून गेले. ‘आमच्या मैदानावर त्यांनी आपले भाग्य उजळून घेतले, आम्हांस काय मिळाले?’ असा सवाल कोणी केल्यास तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. दिल्लीचे ध्रुव शोरी हेही त्याच संघात होते. म्हणजे अकरांपैकी दोन जागा पाहुण्यांच्या. उलट आदित्य सरवटे त्या वर्षी केरळकडे गेले होते, आणि अंतिम सामन्यात त्यांनी विदर्भाविरुद्धच ७९ धावा काढल्या. गुरबानी महाराष्ट्राकडे गेले, तर अमरावतीचे जितेश शर्मा २०२५ साली बडोद्याकडे. व्यवहार म्हटला की त्यात देणे आणि घेणे दोन्ही आलेच.

मग या व्यवहाराचा तोल कोणत्या काट्याने पाहावा? केवळ करंडकांची संख्या मोजणे सोपे, पण अपुरे. पाहुण्याने घरची उणीव भरून काढली की घरच्याची जागा अडविली, त्याच्या शेजारी खेळून तरुण शहाणे झाले काय, आणि तो गेल्यावर संघ स्वतःच्या पायांवर उभा राहिला काय, या तीन कसोट्या खऱ्या. पहिल्या कसोटीवर विदर्भाचे चालक निर्दोष ठरतीलच असे नाही. दुसरीवर मात्र त्यांची बाजू भक्कम आहे. नायर यांच्या समवेत फलंदाजी करताना तरुण दानिश मालेवार यांनी अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या. हर्ष दुबे यांनी त्या मोसमात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम रचला. तिसऱ्या कसोटीचे उत्तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळाले. नायर निघून गेल्यावरही विदर्भाने इराणी करंडक जिंकला, आणि त्या सामन्यात १४३ धावांची खेळी केली ती अकोल्याच्या अथर्व तायडे यांनी.

अकोल्याच्या या नावाला येथे विशेष अर्थ आहे. वाशीम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग होता. मालेगावच्या मुलाला नागपूर दूर, पण अकोला आपले. तेथला मुलगा संघात शिरू शकतो, तर पाहुण्यांनी दार अगदीच बंद केलेले नाही, असे म्हणावयास हरकत नाही. होळकरांचा मार्ग आणि विदर्भाचा मार्ग यांत आजवरचा भेद हाच, की विदर्भात पाहुणा गेला तरी मागे घर उरले. तो भेद आपोआप टिकणारा नव्हे. विहिरीत बाहेरून पाणी ओतून ती काही दिवस भरलेली दिसेल. पण झरे जिवंत ठेवावयाचे, तर तालुक्यांच्या गावी मैदाने, खेळपट्ट्या आणि शिकविणारी माणसे हवीत. करंडकासाठी जे द्रव्य आणि जी दृष्टी बाहेरचा खेळाडू आणण्यासाठी खर्च होते, तिचा वाटा मालेगावसारख्या गावांपर्यंत पोहोचला, तरच हा सौदा शहाणपणाचा ठरेल.