विद्युत मोटारगाडीचे ब्रेक

बॅटरीवर चालणारी मोटारगाडी थांबवणारी यंत्रणा. हिच्यात एकाच पेडलमागे दोन स्वतंत्र ब्रेक काम करतात. एक चाकांवरचा नेहमीचा घर्षण-ब्रेक. दुसरा गाडी चालवणाऱ्या मोटरकडूनच लावला जाणारा पुनर्जनन-ब्रेक, ज्याला बोलताना नुसते ‘रीजन’ म्हणतात. पहिला गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत घालवतो, दुसरा तिचा काही भाग बॅटरीत परत भरतो. पहिल्याचे काम सुरक्षिततेचे आणि दुसऱ्याचे मुख्यतः बचतीचे आहे. हा फरक चालकाला नीट ठाऊक असणे फार गरजेचे आहे.

पुनर्जननासाठी वेगळा डायनॅमो बसवलेला नसतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की चाकेच मोटरला फिरवू लागतात. रोटरवरील चुंबकांचे फिरते क्षेत्र स्टेटरच्या वेटोळ्यांत विद्युतदाब निर्माण करते. इन्व्हर्टर आपले इलेक्ट्रॉनिक स्विच अशा क्रमाने उघडतो-मिटतो, की हा दाब बॅटरीच्या दाबाच्या वर चढतो आणि एकदिश प्रवाह बॅटरीत शिरू लागतो. स्टेटरमधून वाहणाऱ्या याच प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र लेंझच्या नियमानुसार रोटरला अडवते. म्हणून प्रवाह वाढवला की ब्रेक कडक होतो, आणि बॅटरी प्रवाह घेईनाशी झाली की हा ब्रेक उरतच नाही.

१,५०० किलो वजनाची गाडी ताशी ७२ किमी वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ३ लाख जूल, म्हणजे वीजबिलावरच्या एका यूनिटचा सुमारे बारावा भाग असते. एका थांब्याची कमाई एवढीशीच. शहरात सिग्नलमागून सिग्नल लागतात म्हणून ती साठत जाते. त्यातही वाटेतले नुकसान जाता मोटरने अडवलेल्या ऊर्जेपैकी साधारण ६० ते ७० टक्केच पुन्हा चाकांच्या कामी येते. द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे तिथे हा लाभ नगण्य असतो.

आणीबाणीच्या वेळी मात्र मोटर पुरी पडत नाही. हीच गाडी त्याच वेगात असताना पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला, तर पहिल्या क्षणी सुमारे २४० किलोवॅट शक्ती जिरवावी लागते. सर्वसाधारण गाडीची मोटर आणि बॅटरी इतकी शक्ती पेलू शकत नाही. शिवाय मोटर जोडलेल्या चाकांवरच पुनर्जनन होते. घर्षण-ब्रेकच्या डिस्क किंवा ड्रम मात्र चारही चाकांवर असतात. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले, तर नियंत्रक आधी पुनर्जनन कमी करतो आणि चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला घर्षण-ब्रेकवर काम करू देतो. थंडीने गारठलेली बॅटरीही फारसा प्रवाह स्वीकारत नाही.

पेट्रोल गाडीत ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिनातून मिळते. इथे इंजिनच नसल्याने विजेवर चालणारा निर्वात पंप किंवा विद्युत-यांत्रिक बूस्टर बसवतात. अनेक गाड्यांत पेडल किती दाबले हे संवेदक मोजतात, त्यातला किती भार मोटरने घ्यायचा आणि किती घर्षण-ब्रेकच्या पॅडने, हे संगणक ठरवतो. हे हस्तांतर पायाला जाणवू न देणे अवघड असते. ब्रेकच्या अभियंत्याचे कसब त्यातच दिसते.

काही गाड्या ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच जवळजवळ पूर्ण थांबतात. बीएमडब्ल्यू आय-३ (२०१३) आणि निसान लीफची ‘ई-पेडल’ योजना (२०१७) यांमुळे ही पद्धत लोकांच्या परिचयाची झाली. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ च्या आवृत्तीत पुनर्जननाची पातळी स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलता येते. ब्रेक पेडलला पाय न लावताच गाडी अशी मंदावू लागली, तर मागच्या वाहनाला कळावे म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमात अशी तरतूद आहे की, पुनर्जननामुळे वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदापेक्षा अधिक घटत असेल, तर ब्रेक लाइट लागलाच पाहिजे.

पुनर्जननाची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये लुई क्रीगर यांच्या विद्युत गाड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ती वापरली गेली. महाराष्ट्रात ती आधी रुळांवर आली: ३७ मीटरला १ मीटर अशा चढाच्या बोरघाटासाठी १९२८ पासून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची ‘क्रॉकोडाइल’ विद्युत इंजिने उतारावर वीज तारेत परत पाठवू शकत.

घाटात या ब्रेकचे गुण आणि मर्यादा दोन्ही ठळक दिसतात. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर उतरताना १,५०० किलोच्या गाडीची सव्वादोन यूनिट स्थितिज ऊर्जा मोकळी होते. हवा, टायर आणि यंत्रणा यांचा वाटा वजा जाता त्यातली काही बॅटरीत येते; त्याहून मोलाचे म्हणजे डिस्क तापत नाहीत. पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवतात, त्या जागी इथे पुनर्जननाची वरची पातळी लावावी. मात्र महाबळेश्वरला रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी १०० टक्के भरली आणि सकाळी घाट उतरायला घेतला, तर वीज साठवायला जागाच नसते. मग पुनर्जनन जवळपास बंद पडते आणि सगळा भार पॅडवर येतो. वर मुक्काम असेल तेव्हा बॅटरी थोडी रिकामी ठेवणे शहाणपणाचे.

पॅड कमी वापरले जातात म्हणून दीर्घकाळ टिकतात, पण न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत तो लवकर धरतो. या कारणासाठीही फोक्सवॅगनने आयडी-३ आणि आयडी-४ यांच्या मागच्या चाकांना बंदिस्त ड्रम दिले. डिस्क असतील तर रस्ता मोकळा पाहून अधूनमधून ब्रेक जोरात दाबावा. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. गाडी विजेची असली तरी यात फरक पडत नाही. पॅड नवे दिसतात म्हणून ऑइल बदलणे लांबवू नये. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत दोन-तीन वर्षांनी, ते बदलून घ्यावे.