ऐनावरचा कोसा, औषधाचं वाहन

पावसाळ्यात ऐन आणि अर्जुनाची झाडं पानांनी भरली, की आरमोरीच्या परिसरातले ढिवर शेतकरी टसरच्या बारीक अळ्या त्यांवर सोडतात. तुतीच्या रेशीमकिड्यासारखं या अळीला घरात पोसता येत नाही. ती उघड्या झाडावर वाढते, म्हणून पक्षी आणि मुंग्यांपासून तिला दिवसरात्र राखावं लागतं. चार वेळा कात टाकल्यावर ती चांगली बोटाएवढी, हिरवीगार होते. मग फांदीला चिवट देठ बांधून त्याला टांगलेला टणक कोष विणते. हाच कोसा. आरमोरी-नागभीडकडच्या मागांवर त्याचं कापड पिढ्यानपिढ्या विणलं गेलं.

गेल्या पंचवीसेक वर्षांत या कोशाच्या कुळाला वेगळीच फांदी फुटली आहे. औषध शरीरात नेमकं हवं तिथं कसं पोचवावं, या संशोधनात आता टसरच्या प्रथिनाचं नाव घेतलं जातं.

रेशीम शरीरात घालणं तसं नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर आणि अमेरिकेचे विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदांनी रेशमी टाक्यांचा हिरिरीनं पुरस्कार केला. रेशमाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आत फायब्रॉइनचा बळकट गाभा आणि बाहेर सेरिसिनचा चिकट लेप. हा लेप नीट धुऊन काढला, की उरलेलं फायब्रॉइन शरीर बऱ्यापैकी सहन करतं आणि हळूहळू विरघळवतं. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला वाहन म्हणून असाच पदार्थ हवा असतो. कर्करोगावरचं औषध शिरेतून दिलं की ते गाठीबरोबर केसांच्या मुळांपर्यंत आणि आतड्याच्या अस्तरापर्यंतही जातं. ते कशात तरी बांधून न्यायचं, वाटेत सांडू द्यायचं नाही आणि पोचल्यावर थोडं थोडं सोडायचं, एवढ्यासाठी प्रयोगशाळांमध्ये वर्षं खर्ची पडतात. विदर्भाला हे काम परकं नाही. नागपूर विद्यापीठात प्रा. ए. के. डोर्ले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झाडाच्या राळेपासून औषधांची आवरणं आणि सूक्ष्म वेष्टणं करण्यावर दीर्घकाळ संशोधन केलं. झाडातून निघालेल्या चिकट पदार्थाला औषधाचं वाहन करणारी ती परंपरा अधिक ठळकपणे सांगायला हवी.

पण मग तुतीचं रेशीम हाताशी असताना टसरच कशाला?

याचं उत्तर १९८४ सालात आहे. अमेरिकेत मायकेल पिअर्शबाकर आणि एर्की रुओस्लाहती यांनी फायब्रोनेक्टिन या प्रथिनातला एक इवलासा तुकडा ओळखला. आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लांची ती साखळी. संशोधक तिला आरजीडी म्हणतात. पेशींच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन नावाची प्रथिनं याच तुकड्याला धरतात. तुतीच्या रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये हा तुकडा नसतो, टसरच्या फायब्रॉइनमध्ये तो निसर्गतःच असतो. म्हणजे ऐनाची पानं खाऊन वाढलेल्या अळीच्या धाग्यावर पेशीला पकड घेता येते, तीही त्याला वेगळं काही न जोडता.

रेण्वीय प्रतिमाशास्त्रानं हाच तुकडा दुसऱ्या वाटेनं उचलला. वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, आणि त्या वाहिन्यांच्या पेशींवर विशिष्ट इंटेग्रिन मोठ्या संख्येनं उगवतात. म्युनिकच्या संशोधकांनी आरजीडीचा साखरेची जोड दिलेला रेणू घेतला, त्यावर किरणोत्सारी फ्लोरिन बसवलं आणि पेट स्कॅनमध्ये हे इंटेग्रिन रुग्णाच्या शरीरात कुठे आहेत ते पाहिलं. औषध पोचवणारा आणि गाठ दाखवणारा, दोघेही पेशीवरची एकच खूण शोधत होते.

टसरवरचं मूलभूत काम खरगपूरच्या आयआयटीत प्रा. सुभाष कुंडू यांच्या गटानं केलं. २००१ साली त्यांनी टसरचं फायब्रॉइन शुद्ध करून त्याची रचना मांडली. पुढची अडचण चिवट होती. तुतीचा धागा लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात विरघळतो, टसरचा त्याला दाद देत नाही. २००८ साली बिमन मंडल आणि कुंडू यांनी त्यावर तोड प्रसिद्ध केली. कोष सोडून त्यांनी पूर्ण वाढलेल्या अळीची रेशीमग्रंथीच घेतली आणि तिच्यातलं प्रथिन सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थाच्या द्रावणात स्थिर केलं. २०१० मध्ये याच गटानं कोरियन सहकाऱ्यांबरोबर तुती आणि टसर या दोन्हींच्या फायब्रॉइनचे १५० ते १७० नॅनोमीटरचे गोल कण बनवल्याचं प्रसिद्ध केलं. ते कर्कपेशींच्या आत शिरले, विषारी ठरले नाहीत आणि त्यांत भरलेला वाढघटक तीन आठवडे हळूहळू झिरपत राहिला.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींवर झालं. तिथून रुग्णापर्यंतची वाट लांब आहे. औषधाच्या कारखान्याला प्रत्येक खेपेला तंतोतंत सारखा माल लागतो. उघड्या रानातली अळी मात्र झाडाप्रमाणे, पावसाप्रमाणे आणि रोगराईप्रमाणे बदलते. टसरला पेब्रिन होतो. रेशीमकिड्यांच्या याच रोगावर लुई पाश्चर यांनी १८६५ पासून फ्रान्समध्ये काम केलं आणि अंडी घातलेली मादी वाटून तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची रीत घालून दिली. टसरच्या बीजकेंद्रांत रोगमुक्त अंडी निवडताना आजही तीच रीत चालते. त्यामुळे औषधाच्या दर्जाची पहिली तपासणी कारखान्याच्या किती तरी आधी, गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या अंड्यांवर होऊ शकते. या तपासणीच्या नोंदी झाडागणिक आणि पिकागणिक ठेवल्या गेल्या, तर संशोधकाला आयता पाया मिळेल.

त्या नोंदी ठेवणाऱ्याच्या पदरात काय पडेल, हेही आधीच ठरायला हवं. टसरचा बाजार हजार कोशांमागे भाव लावतो. ग्रंथीतलं प्रथिन हवं असेल तर अळी कोष विणायच्या आधीच उचलावी लागते. पावसापाखरांतून तिला राखणाऱ्या ढिवर कुटुंबाच्या हाती मग मोजायला कोषच उरत नाहीत. रेशीमग्रंथीवर चालणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर अशा अळीचा भाव लिहिलेला असावा.